एक जून

आमच्या टीमकडे ग्राहकांची कागदपत्रं तपासायचं काम आहे. माणूस ॲपवर खातं उघडतो, सेल्फी काढतो, पॅन-आधार देतो आणि हा माणूस खरा की बनावट याचा अंदाज आमचा कोड बांधतो. एका सोमवारी बंगळुरूच्या सहकाऱ्याने टीमच्या चॅनलवर एक ग्राफ टाकला. आडव्या रेषेवर वर्षाचे दिवस, उभ्या रेषेवर त्या दिवशी जन्मलेले ग्राहक. सगळा ग्राफ जवळजवळ सपाट होता, फक्त १ जानेवारीला एक उंच सुळका आणि १ जूनला दुसरा.

'१ जानेवारी समजू शकतो,' त्याने लिहिलं होतं, 'तारीख माहीत नसली की लोक तीच देतात. पण १ जून? एकच टोळी बोगस खाती उघडतेय का?' मग त्याने एक तिकीट काढलं, त्याला 'डर्टी डेटा' असं लेबल लावलं आणि माझ्या नावावर टाकलं.

मला हसू आलं. त्या सुळक्यात माझे वडीलही होते.

महाराष्ट्रात ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, त्यांना हे सांगायला नको. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पोराला घेऊन आलेल्या आईला किंवा चुलत्याला गुरुजी विचारायचे, जन्मतारीख काय? तारीख कुणालाच माहीत नसायची. मग उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचे. हात पोचला की पोरगं सहा वर्षांचं झालं. मागे सहा वर्षं मोजायची आणि लिहायचं, १ जून. पप्पांचा दाखला सांगतो १ जून १९६५.

आजीचा हिशेब वेगळा होता. आमचं गाव पाटण तालुक्यातलं, त्यामुळे घरातल्या सगळ्या तारखा ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपावरून मोजल्या जातात. 'बेंदराच्या दिवशी झाला तुझा बा,' आजी म्हणायची, 'आन् भूकंप झाला तवा पळत हुता.' म्हणजे १९६६ चा बेंदूर. आषाढ. दाखल्यापेक्षा तेरा महिने उशिरा.

या तेरा महिन्यांचा हिशेब पप्पांनी आयुष्यात एकदाच केला, निवृत्तीच्या वेळी. एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून आपल्याकडे ३१ मेला निरोपसमारंभांची गर्दी असते. ३१ मे २०२३ ला पप्पांच्या ऑफिसात एकाच मंचावर चार जणांना शाल आणि नारळ मिळाला. घरी आल्यावर पप्पा म्हणाले, 'गुरुजींनी एक वर्षाचा पगार खाल्ला.' सगळे हसले आणि विषय संपला.

माझ्यापुरता तो पुन्हा सुरू झाला पुढच्या वर्षी, १९ मेच्या पहाटेनंतर.

त्या पहाटे कल्याणीनगरमध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. नंबरप्लेट नसलेली पोर्शे, सतरा वर्षं आठ महिन्यांचा मुलगा आणि बाईकवरून घरी निघालेले दोन चोवीस वर्षांचे इंजिनिअर. दोघंही दुसऱ्या राज्यातून पुण्यात नोकरीसाठी आलेले, माझ्याच क्षेत्रातले. त्या रस्त्यावरून मी आठवड्यातून दोनदा तरी जायचो. शनिवारी उशिरा जेवून मित्राच्या बाईकवर मागे बसून घरी येणं ही माझीही सवय होती. त्या आठवड्यात आईने रोज रात्री दहाला फोन केला.

मुलाला त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन दिला. एक अट तीनशे शब्दांच्या निबंधाची होती. त्या निबंधावरची मीम्स मी फॉरवर्ड केली. त्याला सज्ञान समजून खटला चालवा, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन याचिकेवर सही केली. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप बाहेर आले, डॉक्टरांना अटक झाली, आणि मला वाटायला लागलं की आपला राग कमीच आहे. २२ मेला मंडळाने मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं तेव्हा बरं वाटलं. ती मुदत नंतर वाढवलीही गेली.

मग २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडायला सांगितलं. मुलाच्या आत्याने केलेली हेबियस कॉर्पस याचिका होती, न्यायमूर्ती भारती डांगरे आणि मंजूषा देशपांडे यांच्यापुढे. आमच्या भावंडांच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'पैसे पोचले.'

माझी मावसबहीण वकील आहे. ग्रुपवर ती काही बोलली नाही. रात्री तिचा फोन आला.

'निकाल वाचलास?'

'बातमी वाचली.'

'मग पैसे पोचले हे कितव्या पानावर आहे?'

ताई अशीच बोलते. मी निकाल उघडला. अपेक्षा होती की गुळगुळीत शब्दांत श्रीमंत मुलाची कड घेतलेली असेल. प्रत्यक्षात मुद्दा इतका सरळ होता की माझ्या कोडमध्ये अशी चूक सापडली असती तर मी लाजलो असतो. मुलाला जामीन मिळाला होता. तो जामीन कुणी रद्द केला नव्हता, आणि तो रद्द करून घ्यायचा जो कायदेशीर रस्ता आहे त्यावरून कुणी गेलंही नव्हतं. जामीन तसाच उभा ठेवून मुलाला आत बसवलं होतं. एकाच माणसाच्या नावावर एकाच वेळी 'सुटला' आणि 'कोठडीत' अशा दोन नोंदी होत्या. न्यायालयाने म्हटलं की आत ठेवण्याचे ते आदेश बेकायदा आहेत, मंडळाला तो अधिकारच नव्हता, आणि बाहेर कितीही आरडाओरडा असला तरी विधिसंघर्षग्रस्त बालकाला कायदा जसा वागवायला सांगतो तसंच वागवावं लागेल.

कायद्याचं बारावं कलमही मी तेव्हाच पहिल्यांदा वाचलं. बालकाला जामीन देणं हा नियम आहे. नाकारायची कारणं मोजकी आहेत: सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल. गुन्हा किती भयंकर आहे हे त्या यादीत नाही.

'मला नाही पटत,' मी ताईला म्हणालो.

'पटायला कोण सांगतंय? आता हा वाच. हापण पुण्याचाच आहे.' आणि तिने एक पीडीएफ पाठवली.

तो निकाल २७ मार्च २०२३ चा होता, सर्वोच्च न्यायालयाचा. प्रकरण २६ ऑगस्ट १९९४ चं, पौड रस्त्याजवळच्या एका घरातलं. पुण्यातल्या चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, आवाज खाली येतो. एका घरातले सात जण मारले गेले होते, त्यात लहान मुलं होती आणि एक गर्भवती बाई. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण कोथरूडमध्ये भाड्याने राहायला आलो तेव्हा घरमालकीणबाईंनी सेफ्टी दरवाजाचं कुलूप दाखवताना त्या घटनेचा उल्लेख केला होता. तीस वर्षांनंतर.

तीन आरोपी होते. एक माफीचा साक्षीदार झाला. दोघांना १९९८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने. फेरविचार याचिकाही फेटाळली गेली. एकाच्या फाशीची पुढे राष्ट्रपतींनी जन्मठेप केली. दुसऱ्याने २०१८ मध्ये अर्ज केला की गुन्हा घडला तेव्हा मी अल्पवयीन होतो. राजस्थानच्या बिकानेर जिल्ह्यातल्या गावातल्या सरकारी शाळेचा दाखला होता, जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२.

मी मनात वजाबाकी केली. मग मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर केली. साडेबारा वर्षं.

सगळ्या पायऱ्या पुन्हा मोजल्या. पोलीस, सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, फेरविचार. १९९४ मध्ये लागू असलेल्या कायद्यातही सोळाच्या आतला मुलगा अल्पवयीनच होता, त्यामुळे नंतरच्या उदार कायद्याचा फायदा मिळाला असंही म्हणता येत नाही. कुठेतरी एकाने जन्मतारखेचा कागद मागितला असता तर फाशीचा प्रश्नच आला नसता. पण तो सगळीकडे सज्ञान म्हणूनच पुढे जात राहिला. आमच्याकडे एका सिस्टिमने दुसरीला चुकीची व्हॅल्यू दिली की पुढची प्रत्येक सिस्टिम ती खरी धरते, कारण आधीच्याने तपासली असणार. इथे व्हॅल्यू होती एका मुलाचं वय.

त्यात नावाचाही घोळ होता. खटला एका नावाने चाललेला, दाखल्यावर नाव थोडं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितली. दोन्ही नावांचा माणूस एकच आणि दाखला खरा, असा अहवाल आला. त्याच पुण्यातून, जिथे त्याला फाशी सुनावली गेली होती.

निकालातली एक जागा मी तीनदा वाचली. बारा वर्षांचा मुलगा इतकं क्रूर काही करू शकेल का, हा प्रश्न न्यायाधीशांनाही पडला होता, आणि त्यांनी तो लपवला नाही. हे धक्का देणारं आहे असं लिहून पुढे म्हटलं की अशा तर्काने निवाडा गढूळ होऊ देता येणार नाही. आम्हाला बालमानसशास्त्राचं ज्ञान नाही, आमच्यापुढे चौकशीचा अहवाल आहे आणि कागद आहे. मला हे आवडलं, आणि आवडल्याचा थोडा त्रासही झाला. कारण घरमालकीणबाईंचं ते कुलूप आठवत होतं. त्या घरात उरलेल्या नातेवाइकांनी २०२३ मध्ये ही बातमी कशी वाचली असेल?

तो माणूस अठ्ठावीस वर्षांहून जास्त तुरुंगात होता. बालकाला कायद्याने देता येते ती जास्तीत जास्त मुदत तीन वर्षांची, तीही सुधारगृहात. त्याला तात्काळ सोडायचा आदेश झाला.

हा अपवाद असेल असं मला वाटत होतं. ८ जानेवारी २०२५ ला ताईने आणखी एक निकाल पाठवला. उत्तराखंडातलं प्रकरण, गुन्हा पुन्हा १९९४ चाच, गुन्ह्याच्या वेळी मुलगा चौदा वर्षांचा. यालाही फाशी झाली होती. शिक्षा ठरवायच्या वेळी त्याने सांगितलं होतं की मी लहान होतो. पण त्याच्या नावावर बँकेत खातं होतं, म्हणजे तो सज्ञान असणार, असं खालच्या न्यायालयाने धरलं. राष्ट्रपतींनी २०१२ मध्ये फाशी रद्द केली, पण साठ वर्षांचा होईपर्यंत सुटका नाही अशी अट घातली. पुढेही तो अर्ज करत राहिला, आणि जवळजवळ पंचवीस वर्षं आत काढल्यावर सुटला. अन्याय न्यायालयांकडूनच झाला, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट लिहिलं.

बँकेच्या खात्यापाशी मी बराच वेळ अडकलो. खातं उघडायचा फॉर्म हेच तर माझं काम. त्या फॉर्मवर माणूस जे सांगतो किंवा त्याच्या वतीने कुणी जे भरतं ते आम्ही साठवतो. त्यावर एखाद्याला फाशी द्यायची की नाही हे ठरावं, असं त्या फॉर्ममध्ये काही नसतं.

मग न्यायालय वय कशावरून धरतं? २०१५ च्या कायद्याच्या ९४ व्या कलमात क्रम दिला आहे. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची तपासणी. कलम नऊ म्हणतं की अल्पवयीन असल्याचा दावा कुठल्याही न्यायालयात, कुठल्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही करता येतो. या 'अंतिम निकालानंतरही'मुळेच वरचे दोघं बाहेर आले.

आधार या यादीत नाही. २४ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात तसं सांगितलंही: आधार ही ओळख आहे, जन्मतारखेचा पुरावा नव्हे. मृताच्या शाळेच्या दाखल्यावर होती ७ ऑक्टोबर १९७०, आधारवर १ जानेवारी १९६९. न्यायालयाने दाखला धरला. हे वाचून मला आमचा ग्राफ आठवला. तो पहिला, उंच सुळका.

म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या डेटाबेसपेक्षा गुरुजींची वही वरचढ. मला आधी हे मजेशीर वाटलं. नंतर पप्पांचा दाखला डोळ्यांपुढे आला.

बिकानेरच्या मुलाला दाखल्याने वाचवलं, कारण त्याच्या दाखल्यावरची तारीख न्यायालयाला टिकाऊ वाटली. पप्पांचा दाखला तेरा महिने जास्त वय सांगतो. दाखला असताना हाडं तपासायचा प्रश्न येत नाही. मी ताईला विचारलं, सतरा वर्षांच्या ज्या मुलाला गुरुजींनी अठराचा करून ठेवलंय त्याचं काय? ती म्हणाली, दोन मतं शक्य असतील तर झुकतं माप मुलाला द्यावं, फार तांत्रिक होऊ नये, हे सर्वोच्च न्यायालय वीस-पंचवीस वर्षं सांगतंय. 'पण शंका कुणीतरी काढावी लागते. त्यासाठी वकील लागतो. वकिलाला वेळ लागतो.' मग म्हणाली, 'आत्या लागते.'

कल्याणीनगरच्या मुलाचं वय पहिल्या दिवसापासून महिन्यांसकट सगळ्या महाराष्ट्राला पाठ होतं, आणि चुकीच्या कोठडीतून त्याला महिनाभरात बाहेर काढणारं माणूस त्याच्यामागे होतं. माझा राग त्याच्यावर होता, अजूनही थोडा आहे. पण मी सही करून मागितलं काय होतं? त्याचं वय बाजूला ठेवा. हेच बाकीच्या दोघांच्या बाबतीत न मागता झालं होतं.

त्या मागणीचा निकाल १५ जुलै २०२५ ला लागला. मुलाला सज्ञान म्हणून चालवावं हा पोलिसांचा अर्ज बाल न्याय मंडळाने फेटाळला. तोवर मी इतकं वाचलं होतं की आश्चर्य वाटलं नाही. सोळा ते अठरा वयाच्या मुलाला प्रौढासारखं चालवायचं तर गुन्हा 'निर्घृण' असावा लागतो, आणि निर्घृण म्हणजे ज्याला किमान शिक्षा सात वर्षं किंवा अधिक आहे तो. सदोष मनुष्यवधाच्या कलमात शिक्षा मोठी आहे, पण सात वर्षांचं किमान नाही.

यावरचा मूळ निकाल ९ जानेवारी २०२० चा, आणि तोही एका गाडीचाच: दिल्लीत २०१६ मध्ये अल्पवयीन मुलाने मर्सिडीजखाली एका पादचाऱ्याला चिरडलं होतं. कोड लिहिणाऱ्या कुणीही तो वाचावा. कायद्यात तीन कप्पे होते. किरकोळ: कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गंभीर: तीन ते सात. निर्घृण: किमान सात. ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा सातच्या वर आहे पण किमान सात नाही, तो कुठे बसवायचा? कुठेच नाही. कायदा करणाऱ्यांनी एक 'एल्स' लिहायचा सोडला होता. मृताच्या बाजूने विनंती होती की 'किमान' हा शब्द जास्तीचा समजून वगळा. न्यायालय म्हणालं, शब्द वगळणं आमचं काम नाही. संसद दुरुस्ती करेपर्यंत हे गुन्हे 'गंभीर'मध्ये धरा, कारण शंका असेल तिथे फायदा मुलाला. संसदेने २०२१ मध्ये कायदा दुरुस्त केला, पण 'निर्घृण'च्या व्याख्येतला 'किमान' तिथेच राहिला. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती दीपक गुप्तांबरोबर न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस होते, आणि पुण्याच्या साडेबारा वर्षांच्या मुलाचा २०२३ चा निकाल लिहिला तो बोस यांनीच.

मंडळाची बातमी टीव्हीवर लागली तेव्हा मी गावी होतो. पप्पा चहा पीत होते. मला वाटलं, नेहमीसारखं 'पैसेवाल्यांचं राज्य' म्हणतील. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'मीपण उलटवला होता ट्रॅक्टर.'

आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. आईलाही नाही. अकरावीला असताना, दिवाळीनंतर उसाच्या वेळी. चुलत्याचा ट्रॅक्टर. लायसन नव्हतं. ओढ्याच्या उतारावर ट्रॉली कलंडली आणि मागे बसलेल्या एका माणसाचा पाय मोडला. तो आयुष्यभर लंगडत चालला. पोलिसांत काही गेलं नाही. चुलत्याने आणि पाटलांनी बसून मिटवलं, त्या माणसाच्या घरी दोन पोती ज्वारी गेली.

'कुठलं साल?' मी विचारलं.

'त्र्याऐंशी.'

मी मोजत होतो हे त्यांच्या लक्षात आलं असावं. बेंदराच्या हिशेबाने सतरा वर्षं चार महिने. दाखल्याप्रमाणे अठरा वर्षं पाच महिने.

'त्या माणसाचं नाव काय होतं?' आईने विचारलं. पप्पांनी सांगितलं. मग कप उचलून मोरीकडे गेले आणि बराच वेळ विसळत बसले.

पुण्याला परत आल्यावर मी ते जुनं तिकीट उघडलं. ते अजून माझ्याच नावावर पडून होतं. 'डर्टी डेटा' हे लेबल काढलं आणि १ जूनची खाती संशयित धरणारा नियम बंद करावा असं लिहिलं. बंगळुरूहून लगेच प्रश्न आला: या तारखा खऱ्या आहेत का?

मी 'नाही' टाइप केलं, खोडलं, आणि लिहिलं की माणसं खरी आहेत.